बरड टेकडीवर आकाशातून बी टाकावं का?

प्रश्न असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावाची साधारण ४० हेक्टरची ई-क्लास, म्हणजे सरकारी गायरान म्हणून नोंदलेली टेकडी बोडकी झाली आहे. मुरूम उघडा पडलाय, पावसाळ्यात तरोटा आणि कुसळी गवत सोडलं तर फारसं काही दिसत नाही. गावातल्या महिला बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला आहे, शाळेतली मुलं सीडबॉल, म्हणजे आत बी ठेवलेल्या मातीच्या गोळ्या, करायला उत्सुक आहेत आणि गावचे एक गृहस्थ हेलिकॉप्टरचा खर्च द्यायला तयार आहेत. तेव्हा आकाशातून बी टाकून ही टेकडी पुन्हा हिरवी होईल का, आणि करायचं तर कसं करायचं?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. हेलिकॉप्टर नको. ड्रोन वापरायचा तर टेकडीच्या फक्त त्या कड्यांवर, जिथं माणसाला पाय ठेवता येत नाही. बाकीच्या टेकडीवर बी हातानं टोबायचं, म्हणजे जागा निवडून मातीत खोचायचं. आणि चराई व आग यांचा बंदोबस्त गावाला करता येणार नसेल, तर बी कोणत्याच रीतीनं टाकू नका. चांगलं, मेहनतीनं गोळा केलेलं बी वाया जाईल आणि पोरांचा उत्साहही.

बी उगवून तगायला तीन गोष्टी लागतात: मातीला घट्ट चिकटून बसायला जागा, सलग काही दिवस ओल, आणि मूळ खोल जाईपर्यंत खाणाऱ्यांपासून सुटका. वरून टाकलेल्या बियाला यातली पहिलीच गोष्ट मिळत नाही. बरडावरचा मुरूम पहिल्या जोरदार सरींनी दबून कडक होतो. पाणी मुरायच्या ऐवजी वरून पळतं आणि बी त्याच्याबरोबर नाल्यात उतरतं. जे एखाद्या दगडाला अडकून राहतं ते खालून ओलं आणि वरून उन्हात असतं. त्यात आपल्याकडचा पावसाचा खंड. मृगात दोन चांगले पाऊस होतात, बी फुगतं, कोंब बाहेर येतो आणि मग आठ-दहा दिवस आभाळ कोरडं राहतं. सोयाबीनवर ही वेळ आली की शेतकरी दुबार पेरणी करतो. टेकडीवर दुबार पेरणी कोण करणार? एकदा फुटलेला कोंब वाळला की ते बी संपलं. मुंग्या, उंदीर, तितर, मोर आणि रानडुक्कर यांचा वाटा वेगळाच.

सीडबॉल ही कल्पना जपानचे शेतकरी मासानोबू फुकुओका यांच्यामुळे जगभर पसरली. त्यांना १९८८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मातीच्या गोळीत बी ठेवलं की मुंग्या आणि पाखरं त्याला लवकर हात लावत नाहीत, आणि वाऱ्यानं ते भरकटत नाही. एवढा फायदा खरा आहे. पण गोळी पाणी आणत नाही, आणि उतारावर गोळीही घरंगळते. त्यात आपल्याकडे गोळ्या करताना हाताशी असलेली काळी माती घेतली जाते. ती वाळताना भेगाळते आणि गोळी पडताक्षणी फुटते. उलट मुलांनी उत्साहानं लाडवाएवढ्या घट्ट गोळ्या वळल्या, तर आतल्या बियाला कोंब बाहेर काढणंच जमत नाही. गोळ्या करायच्याच असतील तर तांबडी चिकण माती आणि चाळलेलं कुजलेलं शेणखत घ्या, आकार बोरापेक्षा मोठा ठेवू नका, आणि एका गोळीत एकच बी. सगळ्या गोळ्या वळण्याआधी वीस-पंचवीस गोळ्या मुरमाच्या ट्रेमध्ये ठेवून रोज पाणी शिंपडून बघा. त्यातून किती उगवतात हे कळल्याशिवाय पुढचं काम करू नका.

मग जगात हवाई पेरणी यशस्वी झालीच नाही का? झाली आहे, पण कुठं आणि कशामुळे ते बघायला हवं. चीनमध्ये १९५० च्या दशकापासून विमानातून बी टाकलं जातं, आणि मू उस वाळवंटाच्या बऱ्याच भागावर त्यामुळे झुडपं आणि गवत उभं राहिलं. तिथला पाऊस आपल्या यवतमाळच्या निम्म्याहून कमी. तरी जमलं, कारण जमीन वाळूची आहे. पडलेला पाऊस जागेवर मुरतो आणि वारा बियावर वाळूचा पातळ थर आणून टाकतो. झाकण्याचं काम वारा करतो. शिवाय पेरलेलं क्षेत्र काही वर्षं चराईला बंद ठेवतात. आपल्या मुरमावर वारा बी झाकत नाही, उडवून नेतो.

आपल्याच देशातलं उदाहरण चंबळच्या घळींचं आहे. १९८० च्या दशकात मध्य प्रदेशात तिथं विमानातून बी टाकलं. घळींमध्ये चालत जाऊन लागवड करणं अवघड, म्हणून विमान वापरणं समजण्यासारखं होतं. पण त्या मोहिमेत जी जात सगळ्यात जोमानं तगली ती वेडी बाभूळ. जनावरं तिच्या शेंगा खातात, बी शेणातून पसरतं, आणि एकदा बसली की ती काढणं जवळजवळ अशक्य. जमिनीवर आच्छादन आलं हे खरं, पण गावाच्या उपयोगाची विविधता आली नाही. आकाशातून टाकलेल्या मिश्रणातली कोणती जात जिंकेल हे आपण ठरवत नाही. सगळ्यात काटक आणि आक्रमक जात ठरवते. म्हणून वेडी बाभूळ, सुबाभूळ आणि विलायती झुडपं यांचं एकही बी तुमच्या पोत्यात येऊ देऊ नका.

१९८० मध्ये अमेरिकेतला सेंट हेलेन्स ज्वालामुखी फुटल्यावर राखेनं झाकलेल्या डोंगरांवरही विमानातून गवताचं आणि शेंगवर्गीय वनस्पतींचं बी टाकलं होतं. उतारावरची राख अजून हलत होती, पावसानं वाहत होती, आणि बऱ्याच ठिकाणी बी तिच्याबरोबर गेलं. जिथं पृष्ठभागच स्थिर नाही तिथं वरून बी टाकून धूप थांबत नाही. आधी धूप थांबवावी लागते, मग बी.

आता तुमच्या टेकडीचा हिशेब मांडून बघू. एका चौरस मीटरला एक गोळी धरली तर हेक्टरला १०,००० गोळ्या, म्हणजे ४० हेक्टरला ४ लाख. एक गोळी १२ ग्रॅमची धरली तर एकूण वजन ४,८०० किलो. फवारणीचा ड्रोन साधारण १० किलो माल उचलतो, म्हणजे ४८० फेऱ्या. प्रत्येक फेरीला बॅटरी बदलायची, माल भरायचा. चार्जिंगला जनरेटर लागणार, आणि हे सगळं पावसाच्या मधल्या उघडिपीत बसवायचं. शंभरातलं एक रोप तगलं असं धरलं तर हेक्टरी १०० रोपं, तीही कुठंतरी दाट आणि कुठंतरी शून्य. तेवढीच १०० रोपं मिळवायला हातानं टोबताना हेक्टरी ५०० जागा निवडल्या आणि प्रत्येक जागी तीन-चार बिया टाकल्या तरी पुरे, कारण तिथं माणूस डोळ्यानं जागा निवडतो. दगडाची सावलीकडची बाजू, चराचा भराव, काटेरी झुडपाचा बुंधा, जिथं थोडी माती साठली आहे अशी खोबण. आपल्या बाया पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, टोबतात तेच हे काम. ४० हेक्टर टेकडी म्हणजे काही हिमालय नाही. तीस-चाळीस माणसं पाच-सहा दिवसांत ती पायाखाली घालतात.

विमानानं सुटतो तो प्रश्न पोचण्याचा. विदर्भातल्या बहुतेक पडीक जमिनीवर पोचणं हा प्रश्नच नाही. तिथं ढोरं रोज पोचतात, बकऱ्या पोचतात, सरपण तोडणारे पोचतात. आपला प्रश्न बी जमिनीवर पडल्यानंतर सुरू होतो.

आणि आता या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तुमच्या टेकडीवर बी टाकण्याआधी खाली काय जिवंत आहे ते बघा. यवतमाळच्या अशा टेकड्यांवर पन्नास-साठ वर्षांपूर्वी जंगल होतं, तुमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना आठवत असेल. झाडं तुटली, पण पळस, तेंदू, साग, धावडा, मोईन यांची खोडं आणि मुळं अनेक ठिकाणी अजून जिवंत असतात. दरवर्षी पावसात त्यातून फुटवे येतात, बकऱ्या ते खुडतात, मार्चमध्ये वणवा लागतो, फुटवे जळतात, आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच. वरून बघणाऱ्याला टेकडी मेलेली दिसते. ऑगस्टमध्ये, गवत फार वाढायच्या आत, दहा बाय दहा मीटरचे चौकोन आखा, वेगवेगळ्या उतारांवर वीस-पंचवीस. गुडघ्यावर बसून प्रत्येक चौकोनातले फुटवे मोजा. मोठी माणसं बरोबर घ्या, त्यांना पानावरून जात ओळखता येते. चौकोनामागे सरासरी पाच-सहा फुटवे मिळाले, तर हेक्टरी पाच-सहाशे झाडं तुमच्याकडे आधीच आहेत. त्यांची मुळं खोल आहेत, त्यांना पाणी घालावं लागत नाही. त्यांना फक्त सलग तीन-चार वर्षं कोणी खुडायला नको आणि जाळायला नको. बियापासूनचं रोप जी उंची गाठायला अनेक वर्षं घेईल, ती जुन्या मुळावरचा फुटवा दोन पावसांत गाठतो. एका खोडावर आठ-दहा फुटवे आले असतील तर हिवाळ्यात जोमदार एक-दोन ठेवून बाकीचे धारदार कोयत्यानं काढा.

ज्या भागात मोजणी शून्य येईल, म्हणजे जिथं माती वाहून गेली आणि मुळंही गेली, तो भाग बी पेरण्याचा. असा भाग संपूर्ण ४० हेक्टर क्वचितच असतो.

चराईबंदी हा शब्द गावात उच्चारला की भांडण सुरू होतं, हे मला ठाऊक आहे. ज्याच्याकडे दोन वावरं आहेत त्याला काही फरक पडत नाही. ज्याच्याकडे फक्त बकऱ्या आहेत त्याचं घर त्यावर चालतं. त्याला ठरावाची प्रत दाखवून उपयोग नाही. टेकडीचे तीन भाग करा. एक भाग बंद, दोन उघडे. बंद भागातलं गवत कापून न्यायला मुभा, आणि कापण्याचा पहिला हक्क बकरीवाल्यांना आणि गावच्या गायक्याला, म्हणजे गुराख्याला. बंद भागात पहिल्याच पावसाळ्यानंतर पवन्या, मारवेल असं चांगलं गवत दिसू लागतं, कारण ते संपलेलं नसतं, फक्त फुलायच्या आधी खाल्लं जात असतं. हे गवत हातात पडलं की दुसऱ्या वर्षीची बैठक सोपी जाते. पहिला भाग किमान तीन-चार वर्षं, फुटव्यांचे शेंडे बकरीच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत बंद ठेवायचा आणि मगच दुसरा घ्यायचा. बाहेरगावचे कळप हिवाळ्यात उतरत असतील तर त्यांच्या म्होरक्याशी दिवाळीच्या आत बोला, कळप टेकडीवर आल्यावर नाही.

आगीचं गणित वेगळं. आपल्या भागात वणवा आपोआप लागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला नवी पालवी लवकर यावी म्हणून पेटवतात, कधी धुरा, म्हणजे शेताचा बांध, जाळताना ठिणगी उडते. मोहाखाली जाळी किंवा जुन्या साड्या अंथरल्या, किंवा पाला झाडून गोल ढीग केला, तर फुलं स्वच्छ मिळतात आणि भावही बरा मिळतो. टेकडीच्या कडेनं जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा गवत काढलेला पट्टा, डिसेंबर-जानेवारीत काढा, गवत पूर्ण वाळायच्या आत. होळीपासून पहिल्या पावसापर्यंत दोन रखवालदार ठेवा, आणि ते गावातलेच असू द्या.

असं झालेलं बघायचं असेल तर अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरला जा. २०१२ मध्ये त्या गावाला वनहक्क कायद्याखाली १९३ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हाती आलेली जमीन बहुतेक उजाड होती. गावानं राखण केली, चर खोदले, लागवड केली, आणि पुढे सीताफळाची विक्री सुरू केली. २०१४ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. तिथं आधी हक्क आला, मग राखण, मग झाडं. क्रम लक्षात घ्या. शाळेतल्या मुलांनाही सीडबॉलपेक्षा आधी तिथं न्या.

आता बियाकडे येतो. टेकडीच्या तीन पट्ट्यांचा वेगळा विचार करा. माथा आणि कडक मुरूम इथं पळस, खैर, हिवर, बोर, सीताफळ, आणि मिळालं तर अंजन. मधला उतार, जिथं वीतभर माती आहे, तिथं चारोळी, बिबा, आवळा, बेहडा, बहावा. पायथा आणि नाल्याकाठ इथं मोह, करंज, जांभूळ, चिंच. पळसाला आणि सीताफळाला बकरी सहसा तोंड लावत नाही, म्हणून बंद भागाच्या कडेनं हीच दोन दाट लावा. मोईनचं बी गोळा करत बसू नका, पावसाच्या तोंडावर त्याच्या मनगटाएवढ्या फांद्या रोवल्या तरी त्या फुटतात. धावडा आणि सालई बियापासून आणणं फार कठीण, ते फुटव्यातूनच येऊ द्या.

बी कधी गोळा केलं आणि किती दिवस ठेवलं यावर निम्मं यश ठरतं. उन्हाळ्यात सगळं बी पोत्यात भरून जुलैपर्यंत ठेवण्याची पद्धत मोहाला आणि कडुनिंबाला मारते. मोहाची टोळी, म्हणजे फळ, पिकून पडली की बी काढून त्याच आठवड्यात जमिनीत गेलं पाहिजे, ते वाळलं की मेलं. किलोला साधारण ४५० बियाच बसतात, तेव्हा एकेक बी मोलाचं. निंबोळी जून-जुलैमध्ये पिकते, गर धुऊन सावलीत वाळवून दोन-तीन आठवड्यांत पेरा. जांभळाचंही तसंच. पळसाची शेंग मे महिन्यात झाडाखाली गोळा करा, ती त्याच पावसात लगेच उगवते.

याउलट बाभूळ, बहावा, बोर यांचं कवच कठीण. बाभळीच्या बियावर उकळून खाली उतरवलेलं पाणी ओता आणि रात्रभर तसंच भिजू द्या. त्याहून सोपी जुनी रीत म्हणजे बकऱ्यांच्या गोठ्यातून बी वेचणं. शेंगा खाऊन रवंथ करताना किंवा लेंडीतून बाहेर पडलेलं बी नरम झालेलं असतं आणि भराभर उगवतं. बहाव्याचं बी खरखरीत दगडावर एका कडेला घासा. बोराची आठोळी हलक्या हातानं फोडा. सागाची फळं आठवडा-दोन आठवडे रात्री भिजवून दिवसा उन्हात वाळवावी लागतात, तरीही काही त्या वर्षी उगवतच नाहीत. सीताफळाचं बी उगवायला वेळ घेतं, धीर धरा.

प्रत्येक जातीच्या शंभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवणशक्ती तपासा. सोयाबीनची तपासता तशीच. सोयाबीनला ७० टक्क्यांखाली उगवण आली तर आपण बियाणं बदलतो, आणि टेकडीवर मात्र न तपासलेलं बी लाखांनी टाकतो.

बी टोबण्याआधी जमिनीवर पाणी थांबवायची सोय हवी. जिथं उतार बरा आहे तिथं सलग समतल चर काढा, साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल. निघालेली माती चराच्या खालच्या अंगाला टाका. बी त्या भरावावर टोबायचं, चरात नाही, चरात ते कुजतं. ओघळींना गोटे रचून छोटे अनगड दगडी बांध घाला. मात्र जिथं जुनी खोडं आणि चांगलं गवत आहे तिथं चर खोदून ते उपटू नका. यंत्र आलं की सरसकट खोदाई होते आणि जिवंत टेकडी नव्यानं मारली जाते, हे मी अनेक ठिकाणी बघितलं आहे आणि फार वाईट वाटतं.

पेरणीची वेळ. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे लोक शेतकऱ्यांना ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणतात, तोच नियम टेकडीला लावा, उलट थोडा कडक करा. धूळपेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरणी, टेकडीवर करायची नाही. मृगातला पाऊस जमिनीची तहान भागवतो, आर्द्रा लागल्यावर, माती वीतभर ओली झालेली दिसली की टोबायला सुरुवात करा आणि जुलैच्या मध्यापर्यंत संपवा. उशीर केला तर मूळ खोल जायच्या आत पाऊस संपतो. गवताचं बी त्याच वेळी, ओल्या मातीत आणि शेणखतात कालवून भरावावर फोका. कुसळीचं बी मुद्दाम आणायची गरज नाही. त्याची कुसळ ओल लागली की पिळ सोडते आणि बियाला स्वतःच मातीत शिरवते.

थेट बी पेरण्याचा एक मोठा फायदा आहे. पिशवीत वाढलेल्या रोपाचं सोटमूळ गोल गुंडाळलेलं असतं, आणि मुरमात ते पुढे सरळ जात नाही. जागेवर उगवलेल्या रोपाचं मूळ पहिल्याच पावसाळ्यात फटींमधून खोल उतरतं. पळसाचं पहिल्या वर्षाचं रोप वर चार पानांचं दिसतं आणि खाली जाड मूळ धरून बसतं. पहिल्या उन्हाळ्यात वरचा भाग वाळतो. लोक म्हणतात, मेलं. नखानं जमिनीलगत साल खरवडून बघा, आत हिरवं असेल तर पुढच्या पावसात ते पुन्हा फुटणार. असं दोन-तीन वर्षं होतं, आणि मग एका पावसाळ्यात ते एकदम वर सुटतं. तोवर दम धरायचा असतो.

मग ड्रोन कुठं? तुमच्या टेकडीला वरच्या बाजूला बेसॉल्टचे कडे आणि घसरडे उतार असतील, तर तिथं. वणी, चंद्रपूर, उमरेडकडे कोळसा खाणींच्या मातीचे ढिगारे आहेत, उभे आणि सैल, तिथं माणूस चढवणं धोक्याचं. अशा जागीही ड्रोनचा विचार व्हायला हवा. तिथंही आधी गवत आणि मग झाडं. ड्रोन वापरताना द्रव फवारणीची टाकी चालत नाही, दाणेदार खत पसरवायचा जोड लागतो. गवताचं हलकं, केसाळ बी त्यात अडकतं, म्हणून ते बारीक गोळ्यांतच घाला. आधी सपाट जागेवर एक मीटर चौरसाच्या ताडपत्र्या ओळीनं अंथरा, ठरलेल्या उंचीवरून आणि वेगानं उडवा, आणि प्रत्येक ताडपत्रीवर किती बी पडलं ते मोजा. एकीवर चाळीस आणि शेजारची कोरी, असं होतंच. ते उंची आणि वेग बदलून दुरुस्त करा. वारा असेल तर उडवू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे ड्रोनची नोंदणी आणि चालवणाऱ्या ताईंचं प्रमाणपत्र लागतं, आणि तुमचं क्षेत्र हिरव्या पट्ट्यात, म्हणजे उडवायला मोकळीक असलेल्या भागात, आहे का ते सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर बघा. जमीन ई-क्लास असेल तर ग्रामसभेचा ठराव करा आणि तहसील कार्यालयाला कळवा. सातबारा आधी काढा. अनेकदा गाव जिला ई-क्लास म्हणतं ती वनखात्याची निघते, आणि मग वनविभागाच्या लेखी संमतीशिवाय काही करता येत नाही. नागपूर, वर्धा, चंद्रपूरकडच्या वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण झुडपी जंगल म्हणून नोंद असलेली जमीन ही वनजमीनच, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आणखी एक काळजी. प्रत्येक मोकळी जमीन पडीक नसते. अकोला-वाशीमच्या गवताळ माळांवर तणमोर हा पक्षी येतो, कारंजा-सोहोळचं अभयारण्य काळवीटासाठी आहे. अशा माळावर झाडांचं बी टाकलं तर ज्या जिवांना उघडं गवत लागतं त्यांचं घर जातं. तुमच्या टेकडीच्या माथ्यावर सपाट, चांगल्या गवताचा पट्टा असेल, माळटिटवी किंवा चंडोल घरटं करत असेल, तर तो पट्टा झाडांविना ठेवा. फासेपारधी समाजातली माणसं आसपास असतील तर त्यांना विचारा, कुठं काय राहतं हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही.

शेवटी मोजणी. किती लाख गोळ्या टाकल्या हा आकडा वर्तमानपत्राला पुरतो, टेकडीला नाही. टेकडीच्या बंद भागातच थोडी जागा अशी राखा जिथं बी अजिबात टाकलं नाही. काही जागा टोबलेली, काही ड्रोनची. तिन्हींमध्ये खुंट्या ठोकून चौकोन आखा. पोळ्याला मोजा, उगवण कळेल. अक्षय तृतीयेला मोजा, उन्हात किती जण तग धरून आहेत ते कळेल. मग दुसऱ्या पोळ्याला, कारण वाळलेल्यांतले किती पुन्हा फुटले ते तेव्हाच दिसतं. एकाच दगडावर उभं राहून दर वेळी एक फोटो काढा. बी न टाकलेल्या जागेत बी टाकलेल्या जागेइतकीच झाडं आली, तर ती राखणीनं आली, आणि पुढच्या वर्षी सगळी ताकद राखणीवर लावायची.

हेलिकॉप्टरचा खर्च द्यायला निघालेल्या गृहस्थांना ही मोजणीची वही दाखवा आणि त्यांच्याकडे दोन रखवालदारांचा चार वर्षांचा पगार मागा. अडलंच तर पहिल्या वर्षाचा मागा, होळीपासून पावसापर्यंतचा. बाकीचं गवताच्या उत्पन्नातून काढता येईल.